डबल बास शिकायचाय? आधी हाताचं गणित समजून घ्या

(हा भागाचा लिखित मसुदा आहे. बोलण्याच्या ओघातलं ‘म्हणजे बघा’, ‘तर मग’ थोडं गाळलंय, बाकी जसंच्या तसं. हा भाग हेडफोन लावूनच ऐका. का, ते लगेच कळेल.)

आज आपण अशा वाद्याबद्दल बोलणार आहोत जे तुमच्यापैकी बहुतेकांनी फोनवर हजारदा ऐकलंय आणि खरं तर एकदाही ऐकलेलं नाही. डबल बास. व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं भावंडं. उभं केलं की साधारण १८० सेंटीमीटर, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा उंच.

फोनवर बास का सापडत नाही?

डबल बासची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. म्हणजे ४१ हर्ट्झ. त्या आवाजाची एक लाट हवेत सव्वाआठ मीटर लांब असते. आता तुमच्या फोनचा स्पीकर बघा, नखाएवढा. तो एवढी हवा हलवणार कशी? ४१ हर्ट्झ तो जवळजवळ वाजवतच नाही.

मग फोनवरसुद्धा सूर कळतो कसा? तार थरथरते तेव्हा मूळ सुराबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनंही निघतात. ८२, १२४, १६५ अशी. ती फोनमधून येतात. आपला मेंदू त्यांच्यातलं अंतर मोजतो, दरवेळी ४१, आणि नसलेला खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे फोनवरचा बास बराचसा तुमच्या डोक्यात वाजत असतो! हेडफोन लावा, मग पोटात जाणवणारा तो खर्ज खरोखर भेटेल.

हे आधी सांगितलं कारण शिकणाऱ्याची पहिली अडचण इथेच आहे. जे नीट ऐकलंच नाही, ते वाजवणार कसं?

नाशिकहून आलेला प्रश्न

आपल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. तो कॉलेजच्या बँडमध्ये बास गिटार वाजवतो. मित्राच्या घरी पडून असलेला डबल बास त्याला मिळाला. व्हिडिओ बघून दोन आठवडे वाजवला आणि आता डावं मनगट दुखतंय. तो विचारतो, ‘माझे हात लहान आहेत का? सोडून देऊ का?’

दोस्ता, आजचा भाग तुझ्यासाठीच आहे. हात लहान असण्याचा प्रश्न नाहीये. तू बास गिटारचं गणित डबल बासवर लावतोयस.

आकडे बघू. नेहमीच्या गिटारची तार साधारण ६५ सेंटीमीटर लांब असते. तिच्यावर पहिला अर्धस्वर टोकापासून साडेतीन सेंटीमीटरच्या थोडं पुढे असतो. बास गिटारची तार साधारण ८६ सेंटीमीटर, तिथे हेच अंतर पावणेपाचच्या पुढे जातं. डबल बासची तार १०५ सेंटीमीटरच्या आसपास, तिथे जवळजवळ सहा. आता एका बोटाला एक अर्धस्वर असा हिशेब लावला, तर पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत हात साधारण १६ सेंटीमीटर ताणावा लागतो. एकदा ताणून फोटो काढायला ठीक आहे. पण तासभर? मनगट बोंबलणारच.

म्हणून डबल बासवाल्यांनी वेगळी सोय केली. पहिलं बोट, मधलं बोट आणि करंगळी, एवढीच वापरायची. अनामिका करंगळीला नुसता टेकू देते, दोघी मिळून एकच बोट. तिला तसंही एकटीनं काम करायला जमत नाही, शेजारणींशी तिचे स्नायू बांधलेले आहेत. या पद्धतीत हाताखाली दोन अर्धस्वर म्हणजे एकच पूर्ण स्वर येतो, अंतर अकरा सेंटीमीटर. हात ताणायचा नाही, हात सरकवायचा. ही पद्धत फ्रान्झ सिमांड्ल (१८४० ते १९१२) या व्हिएन्नात शिकवणाऱ्या वादकाच्या पुस्तकामुळे जगभर पोचली आणि आजही बहुतेक ठिकाणी सुरुवात तिथूनच होते.

चार तारा आणि पहिलं सप्तक

डबल बासच्या चार तारा खालून वर अशा लागतात: ई, ए, डी, जी. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. प्रत्येक दोन तारांमध्ये सा ते म एवढं अंतर. व्हायोलिनमध्ये हेच अंतर सा ते प असतं. मग इथे वेगळं का?

उत्तर पुन्हा हातातच आहे. हाताखाली एकच पूर्ण स्वर येतो म्हटल्यावर तारा जवळजवळच्या सुरांना लावल्या, तर सरकणं कमी होतं. करून बघा. पांढरी पाचचा सा धरा आणि हात पहिल्या पोझिशनमध्ये ठेवा. म्हणजे पहिलं बोट मोकळ्या तारेपेक्षा एक पूर्ण स्वर वर. साधारण साडेअकरा सेंटीमीटरवर.

सा: ई तार, मधलं बोट.
रे: ए तार मोकळी.
ग: ए तार, पहिलं बोट.
म: ए तार, मधलं बोट.
प: डी तार मोकळी.
ध: डी तार, पहिलं बोट.
नी: डी तार, करंगळी.
वरचा सा: जी तार मोकळी.

हात जागचा न हलवता शुद्ध स्वरांचं पूर्ण सप्तक! पहिले दोन आठवडे एवढंच वाजवा. कंटाळवाणं वाटेल, पण या आठ सुरांत तुमच्या पाठीला, खांद्याला आणि कानाला बरंच काम आहे.

एक गंमत लक्षात ठेवा. डबल बासचं स्टाफ नोटेशन असतं त्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतं. कागदावर सगळं खूपच खाली लिहावं लागू नये म्हणून केलेली ही तडजोड.

दुखतं कुठे आणि का

आता मनगटाकडे येऊ. नवशिका तार अंगठा आणि बोटांच्या चिमटीत दाबतो. ही चिमटीच घात करते. तार दाबायला ताकद अंगठ्यातून नाही, पूर्ण हाताच्या वजनातून यायला हवी. कोपर खाली लोंबकळू द्यायचं नाही, हाताचा पंजा स्टीलचा पेला धरल्यासारखा गोल, अंगठा मानेच्या मागे साधारण मधल्या बोटासमोर, नुसता टेकलेला.

तपासायची सोपी युक्ती: एक सूर वाजवा आणि अंगठा हळूच उचला. सूर तसाच राहिला, तर हात बरोबर आहे. फुस्स झाला, तर तुम्ही चिमटा काढताय.

दुसरं, उंची. खाली धातूचा दांडा असतो, एंडपिन. तो इतका बाहेर काढा की उजवा हात सैल सोडल्यावर घोडी आणि बोटपट्टीचं टोक यांच्या मधोमध सहज पोचेल. वाकावं लागत असेल, तर वाद्य उंच करा. बास तुमच्या अंगाला टेकून स्वतःच उभा राहायला हवा. डाव्या हातानं त्याला पडू न देण्याचं काम करायचं नाही. स्टुलावर बसून वाजवलं तरी चालतं, ऑर्केस्ट्रात बरेच जण तसंच वाजवतात.

तिसरं, वाद्यच चुकीचं लावलेलं असू शकतं. पडून राहिलेल्या बासवर तारा बोटपट्टीपासून खूप उंच गेलेल्या असतात. अशा वाद्यावर पैलवानाचंही मनगट दुखेल. दोस्ता, आधी तो बास एखाद्या व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखव. घोडी थोडी खाली घेतली, नव्या तारा चढवल्या, की निम्मा त्रास तिथेच संपू शकतो.

आणि हे गंभीरपणे ऐका. बोटांच्या शेंड्यांना हुळहुळणं, फोड येणं हे सुरुवातीला होतं. फोड आला तर फोडू नका, एकदोन दिवस थांबा. पण मनगटात कळ, बोटांना मुंग्या, बधिरपणा असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून वाजवत राहू नका. वाजवणं बंद, आणि डॉक्टरकडे जा. वाद्य कुठे पळून जात नाही.

गज की बोटं?

दोन्ही. जॅझ वाजवायचं असलं तरी सुरुवातीला गज शिका. छेडलेला सूर लगेच विरतो, त्यामुळे बेसूरपणा लपतो. गजाचा सूर लांब चालतो, तिथे चोरी पकडली जाते.

गज दोन प्रकारचे. फ्रेंच गज वरून धरतात, चेलोसारखा. जर्मन गज बाजूनं, साधारण करवत धरल्यासारखा. कुठला चांगला? शिक्षक जो वाजवतो तो! दोन्हींनी उत्तम वाजतं. जाड तारेला जागं व्हायला वेळ लागतो, म्हणून गज सावकाश ओढा, हाताचं वजन त्यावर राहू द्या. घासाघीस केली तर नुसती खरखर येईल.

बोटांनी छेडताना गिटारसारखी टोकं वापरू नका. तर्जनी तारेला जवळजवळ समांतर आडवी ठेवा, बोटाच्या कडेचा मांसल भाग लागू द्या, आणि बोटपट्टीच्या खालच्या टोकाजवळ छेडा. आवाज भरीव येतो.

पडदे नाहीत, मग सूर कसा सापडणार?

डबल बासला पडदे नसतात. इथे आपल्याकडची एक चीज फार उपयोगी आहे: तानपुऱ्याचं ॲप. परदेशातले बासवादकसुद्धा सरावाला अखंड चालणारा सूर लावतात, अनेकदा तानपुराच. पांढरी पाच लावा, आवाज हेडफोनवर घ्या, आणि वरचं सप्तक एकेक सूर धरून वाजवा. सूर जुळला की वाद्याचं लाकूड बरगडीला थरथरून सांगतं. तेच तुमचं मीटर.

तारा लावताना फोनचा ट्यूनर ई तारेवर कधीकधी गोंधळतो, कारण तो खालचा मूळ सूर वाद्यातूनही क्षीणच निघतो. तेव्हा उंच सूर काढून जुळवा. ई तारेच्या एक चतुर्थांश लांबीवर, साधारण २६ सेंटीमीटरवर, बोट नुसतं टेकवा आणि वाजवा. मग ए तारेवर एक तृतीयांशावर, साधारण ३५ सेंटीमीटरवर. दोन्ही शिट्टीसारखे सूर एकच यायला हवेत. डगमगत असतील, तर खुंटी फिरवा. बाकीच्या जोड्यांनाही हाच नियम.

वाद्य आणि शिक्षक

विकत घेताना ‘थ्री-फोर्थ’ ऐकून लहान मुलांचं समजू नका. मोठ्या माणसांचं नेहमीचं माप तेच. पहिलं वाद्य प्लायवूडचं चालेल. आपल्याकडच्या पावसाळ्यात अख्ख्या लाकडाचं वाद्य फुगतं, कोरड्या हवेत तडकू शकतं, प्लायवूड जास्त सोसतं. आणि लोकलच्या गर्दीत ते न्यायचा विचारही करू नका.

शिक्षक शोधायचाय? मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यात डबल बासची पूर्ण रांग असते. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. अशा ठिकाणी चौकशी करा. जवळ कोणी नसेल, तर चेलोचा शिक्षकही गज आणि बसण्याची ढब बघून देऊ शकतो. महिन्यातून एकदा जरी कुणी जाणत्यानं तुमचा हात बघितला, तरी मनगट वाचेल.

एकट्यानं शिकणं अशक्य नाही. सीरियातल्या अलेप्पोत १९३१ साली जन्मलेल्या फ्रांस्वा राबाथला मुलगा असताना एका शिंप्याच्या दुकानात एदुआर नानी यांचं बासचं पुस्तक सापडलं. त्यावरून तो स्वतः शिकला, पुढे पॅरिसला गेला आणि त्यानं हात सरकवण्याची स्वतःची वेगळी पद्धत उभी केली. पण अशी उदाहरणं मोजकी असतात.

मग, सोडू की शिकू?

बास वाजतो तेव्हा फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तो थांबला की सगळ्यांना पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं. असं काम आवडणारा माणूस असशील, तर दोस्ता, सोडू नकोस. दुखणं पूर्ण थांबेपर्यंत विश्रांती, वाद्याची दुरुस्ती, मग वीस वीस मिनिटं दिवसातून दोनदा, आणि फक्त ते आठ सूर.

तोपर्यंत बाकीच्यांनी हेडफोनवर हे ऐका. बेन ई. किंगचं १९६१ चं ‘स्टँड बाय मी’, सुरुवातीचा बास. माइल्स डेव्हिसचं १९५९ चं ‘सो व्हॉट’, त्यात मुख्य धून पॉल चेंबर्सच्या बासवर आहे. सां-सांसचा ‘हत्ती’, १८८६ चा, जड वाद्य नाचतं कसं ते कळेल. आणि मालरच्या पहिल्या सिम्फनीचा तिसरा भाग, तिथे एकटा डबल बास धून सुरू करतो.

ऐकून झालं की तीच गाणी फोनच्या स्पीकरवर लावा आणि काय हरवलं ते आम्हाला व्हॉइस मेसेजवर सांगा. भेटू पुढच्या भागात!