मैला, विहीर आणि राख

तंजावर म्हटले की मराठी वाचकास सरफोजीराजांचा सरस्वतीमहाल आठवतो. परंतु या प्रांताचे खरे धन म्हणजे कावेरीचे पाणी. तिच्या त्रिभुज प्रदेशात पुष्कळ ठिकाणी भूजल फार खोल नसते, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात ते अधिकच वर चढते. अशा वेळी खड्ड्याच्या संडासातील घाण त्यात मिसळून शेजारची विहीर नासू शकते. संडास बांधला एवढ्याने पटकी टळत नाही.

कावेरीच्याच काठी, वरच्या अंगास, तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील मुसिरी येथे २००६ साली निराळा सार्वजनिक संडास सुरू झाला. त्यात मूत्र, मैला व धुण्याचे पाणी तीन वेगळ्या वाटांनी जातात. मैला पक्क्या कोठीत पडतो आणि दर खेपेस त्यावर राख टाकतात. एक कोठी भरली की ती बंद ठेवून दुसरी वापरावयाची. कोरडेपणा व राखेतील क्षार यांनी काही महिन्यांत बहुतेक रोगजंतू मरतात. जंतांची अंडी मात्र मोठी चिवट. तेव्हा कोठी उघडण्याची घाई नको! कोठीत पाणी शिरले तर सारेच फसते. मलमूत्रातील बहुतांश नत्र मूत्रात असते, म्हणून केळीच्या पिकावर त्याचे प्रयोग झाले. पुढे तर संडास वापरणाऱ्यांनाच अल्पसा मोबदला मिळू लागला.