करडाच्या तोंडी बाटली : निवडावी कशी, पाजावी कशी

पौषातली गोष्ट. पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर मावशींची संगमनेरी शेळी व्याली. तीन करडं झाली. शेळीला सड दोनच. दोन धट्टी करडं सडाला लागली की तिसऱ्याला जागाच मिळेना. मी तिकडे दुसऱ्याच कामाने गेलो होतो. मावशींनी विचारलं, "साहेब, ह्याचं काय करू?" मी गाडीवर बसल्या बसल्या सांगितलं, "बाटलीनं पाजा की मावशी," आणि निघून आलो.

चार दिवसांनी गेलो तर करडू गेलेलं. मावशींनी तान्ह्या नातवाला पाजावं तसं त्याला मांडीवर उताणं घेतलं होतं. नाकातून दूध आलं, ठसका लागला, मग धाप लागली, तिसऱ्या दिवशी संपलं. 'बाटलीने पाजा' हे मी सांगितलं, पण कसं पाजायचं ते दाखवलं नाही. चूक मावशींची नव्हे, माझी. म्हणून हा लेख.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही. आपल्या जिल्ह्यातल्या संगमनेरचं नाव लागलेली ही जात दुधाला आणि मटणाला दोन्हीला चालते. जुळी करडं नेहमीची, कधी तिळीही होतात. मोठं केलेलं करडू काष्टी किंवा घोडेगावच्या बाजारात नेलं की घरातली एखादी नड भागते. म्हणून तिसरं करडू 'नाही जगत' म्हणून सोडून देणं परवडत नाही.

आधी आई, मग बाटली

माणसाच्या बाळासाठी दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कारण साधं आहे. आईच्या दुधाला तोड नाही आणि अस्वच्छ बाटली म्हणजे हगवणीला आमंत्रण. करडाचंही तसंच. आधी शेळीला धरून करडाला सडाला लावून पाहा. दुसरी नुकती व्यालेली शेळी असेल तर तिच्याकडे लावा. शेळी मेली, कासेला दगडी झाली किंवा करडं जास्त झाली, तरच बाटली हाती घ्या.

चीक चुकवू नका

जन्मल्यावर पहिल्या तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. रोगाशी लढायची ताकद करडाला त्यातूनच मिळते, आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता दिवसभरात संपते. दोन किलोच्या करडाला एका वेळी सुमारे १०० मि.लि. चीक, असे पहिल्या दिवसात तीन-चार वेळा द्या. गार झालेला चीक कोमट पाण्यात बाटली ठेवून गरम करा. चुलीवर उकळू नका. उकळलेल्या चिकाचा खरवस होतो. तो आपल्याला गोड लागतो, पण करडाच्या उपयोगाचा राहत नाही.

बाटली कोणती?

पाव लिटरची, रुंद तोंडाची, आतून हात किंवा ब्रश फिरेल अशी बाटली चांगली. काचेची उकळता येते, पण फुटते. प्लॅस्टिकची हलकी असते, पण चरे पडले की त्यात घाण बसते, तेव्हा ती बदलावी. औषध फवारणीची रिकामी बाटली कितीही धुतली तरी वापरू नका. त्यातला अंश जीव घेतो.

निपल मऊ हवं. बाटली उलटी धरली की दूध थेंबथेंब गळावं. धार लागली तर भोक मोठं आहे, करडू ठसकणार. काहीच गळत नसेल तर करडू ओढून ओढून दमेल आणि अर्धपोटी राहील. लवकर पाजून व्हावं म्हणून काही जण निपलचं टोक कापतात. तसं करू नका.

पाजण्याची रीत

करडू चार पायांवर उभं ठेवा. बाटली त्याच्या आईच्या कासेइतक्या उंचीवर तिरकी धरा, म्हणजे मान पुढे आणि किंचित वर राहील. अशा स्थितीत चोखताना अन्ननलिकेपासूनची पन्हळ मिटते आणि दूध थेट चौथ्या, म्हणजे पचनाच्या पोटात जातं. भांड्यातून घटाघटा प्यायलं तर ते पहिल्या पोटात जाऊन आंबू शकतं आणि पोट फुगतं.

दूध अंगाइतकं गरम, ३८ ते ४० अंश असावं. मनगटावर थेंब टाकून पाहा. दोन किलोच्या करडाला चिकानंतर दिवसाला ३०० ते ३५० मि.लि. दूध, चार वेळा वाटून. एकदम भरपूर पाजू नका. गाईचं दूध चालतं, पण डेअरीला जास्त घालता यावं म्हणून त्यात पाणी मिसळू नका.

अडचणी आणि उपाय

निपल तोंडात घेत नसेल तर आधी स्वच्छ बोट चोखायला द्या, मग हळूच निपल सरकवा. डोळ्यांवर हात धरला, शेपटीच्या बुडाशी खाजवलं की बरीच करडं ओढायला लागतात.

तोंडात बोट घालून पाहिलं आणि तोंड गार लागलं, तर दूध पाजू नका. आधी पोत्यात गुंडाळून, शेकून ऊब द्या. चोखतच नसेल तर जबरदस्तीने ओतू नका, पशुवैद्यकांना बोलवा. नळीने पोटात चीक घालायचं काम त्यांचं.

हगवण लागली तर दूध थोडं थोडं द्या आणि मधल्या वेळात जीवनजल पाजा. सुस्ती आली, रक्त पडलं तर दवाखाना गाठा.

प्रत्येक वेळी बाटली आणि निपल आधी साध्या पाण्याने विसळा, मग गरम पाणी व साबणाने घासा. निपल रोज उकळा आणि दोन्ही उन्हात उपडं वाळवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कोवळा घास, शेवरीचा पाला समोर टांगा. दोन-तीन महिन्यांत बाटली सुटते.

मावशींची शेळी पुढच्या वेताला पुन्हा तीन व्याली. या वेळी मी गाडीवरून उतरलो, गोठ्यात बसलो आणि करडाला उभं धरून पाजून दाखवलं. तिसरं करडू आता शेवरीचा पाला ओरबाडतंय. मावशी म्हणाल्या, "साहेब, हे मागच्या टायमालाच दावायचं व्हतं." खरं आहे त्यांचं.