खेळाला प्रेक्षक मिळवून देणारीं माणसें

कोणताहि खेळ केवळ खेळाडूंच्या बळावर उभा राहत नाहीं. मैदान मिळविणें, संघ जमविणें, प्रवासाचा पैसा उभारणें आणि लोकांना पाहावयास बोलाविणें, हें काम कोणीतरी पत्करावें लागतें. व्यापारी यालाच बाजारपेठ निर्माण करणें म्हणतात. आपल्या देशांत मुलींच्या क्रिकेटसाठीं हें काम कोणीं केलें, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

लखनौचे महेंद्रकुमार शर्मा हे प्रथम मुलींच्या सॉफ्टबॉल व हँडबॉलच्या स्पर्धा भरवीत असत. मुलींना क्रिकेटचीहि हौस आहे असें दिसतांच त्यांनीं रिक्षांत ध्वनिवर्धक घेऊन शहरभर दवंडी दिली. लोक जमले; कित्येक तर निव्वळ नवल पाहावयास आले! परंतु प्रेक्षक आहेत, एवढें सिद्ध झालें. १९७३ सालीं त्यांनीं भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापिली व बेगम हमीदा हबीबुल्ला तिच्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षीं एप्रिलांत पुण्यास पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. तींत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. वर्ष संपण्यापूर्वीं वाराणशीस आठ संघ उतरले, आणि त्यापुढील कलकत्त्याच्या स्पर्धेंत चौदा.

पुढें कऱ्हाडच्या खासदार प्रेमलाकाकी चव्हाण यांनींहि या संघटनेचें अध्यक्षपद भूषविलें. नूतन गावसकर यांनीं सचिवपदाचा भार मानद म्हणून, म्हणजे वेतनावांचून, वाहिला. संघटनेजवळ पैसा नव्हता. खेळाडू आगगाडीच्या अनारक्षित डब्यांतून जात, सामायिक खोल्यांत जमिनीवर निजत आणि मोजक्या बॅटी आपसांत वांटून घेत. तरीहि १९७६ सालीं पाटण्यास शांता रंगास्वामी यांच्या संघानें वेस्ट इंडीजवर कसोटी विजय मिळविला, आणि १९७८ सालीं विश्वचषक स्पर्धा भारतांत भरली.

२००५ सालीं महिला क्रिकेटची जागतिक संघटना पुरुषांच्या संघटनेंत विलीन झाली. तदनुसार २००६ सालीं भारतांतहि हा कारभार नियामक मंडळाकडे गेला. २०२२ सालीं मंडळानें भारतीय संघांतील स्त्रीपुरुषांना सामन्याचें समान मानधन जाहीर केलें. २०२३ सालीं महिला प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हां तिचे पांच संघ मिळून ४,६६९.९९ कोटि रुपयांस विकले गेले. सांगलीच्या स्मृति मानधना हिला ३ कोटि ४० लक्ष रुपयांची बोली लागली. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत भारतीय मुलींनीं विश्वचषक जिंकला. पैसा मागाहून आला. वाट मात्र ज्यांना कांहींच मिळालें नाहीं, त्यांनीं आधींच मोकळी केली होती.

देऊळघाटच्या पालकांस आमची एक विनंति आहे. मुलगी आठवी-नववींत गेली कीं "आतां खेळ पुरे" असें आपण सहज म्हणून जातों. घरकाम, अभ्यास, लोकांचें बोलणें हीं कारणें खोटीं नाहींत. परंतु पुण्यास ते तीन संघ उतरले तेव्हांहि हींच कारणें होतीं. कोणा आईबापांनीं होकार दिला, म्हणूनच ते संघ पुरे झाले.

आणि विद्यार्थ्यांनो, ज्यांच्या हातीं बॅट शोभत नाहीं, त्यांनींहि खट्टू होऊं नये. वर्गणीचा चोख हिशेब ठेवणारा, फळ्यावर सुवाच्य सूचना लिहिणारी, शेजारच्या शाळेस सामन्याचें पत्र धाडणारी, असे चारदोन जण भेटले तर आपल्या शाळेंतहि मुलींचा संघ उभा राहील. खेळाडू तर आपणांपाशीं आहेतच.