कोडची मांडणी: एक प्रकल्प, एक शिस्त

एका सॉफ्टवेअर प्रकल्पात अनेक जण कोड लिहितात. कोणी ओळ चार स्पेस आत सरकवतो, कोणी टॅब वापरतो. कोणी महिरपी कंस त्याच ओळीत उघडतो, कोणी पुढच्या. संगणकाला बहुतेक भाषांत याचा फरक पडत नाही, वाचणाऱ्याला मात्र पडतो. कारंजा लाडच्या प्रोग्रामरने एकच ओळ दुरुस्त केली, पण त्याच्या एडिटरने सगळी फाइल नव्याने मांडली, तर पुण्यातल्या सहकाऱ्याला शेकडो ओळी बदललेल्या दिसतात. खरा बदल त्यांत हरवतो आणि चूक नजरेतून सुटते.

म्हणून मोठे प्रकल्प मांडणीचे नियम लिहून ठेवतात. लिनक्स कर्नलमध्ये आठ अक्षरांइतका टॅब चालतो. पायथनच्या २००१ मधील ‘पेप ८’ या नियमावलीत चार स्पेस आणि ओळीला जास्तीत जास्त ७९ अक्षरे सांगितली आहेत. गो भाषेने तर ‘गोफम्ट’ हे मांडणी करणारे साधनच सोबत दिले. त्यामुळे वादाला जागाच उरली नाही.

चालू प्रकल्पात नियम आणताना आधी सर्वांच्या संमतीने एक साधन ठरवावे आणि त्याच्या सेटिंग्जची फाइल प्रकल्पातच ठेवावी. जुन्या कोडची मांडणी एका स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या वेगळ्या नोंदीत, बदलावी. त्यात दुसरा कोणताही बदल मिसळू नये. पुढे प्रत्येक नवा कोड स्वीकारण्यापूर्वी त्याच्या मांडणीची तपासणी आपोआप व्हावी. कोणता नियम निवडला यापेक्षा तो सर्वांनी पाळणे महत्त्वाचे. मग सहकाऱ्यांची चर्चा स्पेसवर न अडता कोडच्या तर्कावर होते.