खाद्यफेरी : गिऱ्हाईकाला चवीच्या गावापर्यंत नेणारी वाट



मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत आपला माल रोज जातो. डहाणू-घोलवडचा चिकू, वाड्याचा तांदूळ, वसईची केळी आणि भाजीपाला, शहापूर-मुरबाडची भेंडी, कर्जतचा वाल हे सर्व तेथे आवडीने खाल्ले जाते. परंतु खाणाऱ्याला हा चिकू कोठला असे विचारले, तर तो "स्टेशनबाहेरच्या गाडीवरचा" असे उत्तर देतो. घाऊक बाजारात क्रेट उतरला की मालाचे गाव तेथेच संपते, पुढे उरतो तो फक्त भाव. मग कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपतो आणि कोणत्याही जिल्ह्यातला बारीक तांदूळ 'वाडा कोलम' म्हणून पिशवीत भरला जातो. यात फसतो तो गिऱ्हाईक, हे तर खरेच; पण नुकसान होते ते अस्सल माल पिकविणाऱ्याचे.

मालाबरोबर त्याचे गावही गिऱ्हाईकापर्यंत पोचविण्याचा एक मार्ग म्हणजे खाद्यफेरी. माहितगार वाटाड्याबरोबर दहा-वीस माणसांनी पैसे भरून निघायचे, पदार्थ कोठे व कसा तयार होतो ते पाहायचे, चाखायचे आणि आवडले ते विकत घ्यायचे, असे तिचे साधे स्वरूप असते. मुंबईत अशा फेऱ्या निघू लागल्या आहेत. मात्र त्या बहुधा उपाहारगृहे आणि खाऊगल्ल्या यांतच फिरतात. शेतकरी त्या वाटेवर नसतो. तो वाटेवर यावा, एवढ्यासाठी हा लेख.

बोलोन्यात काय दाखवितात?

उत्तर इटलीतील बोलोन्या हे शहर खाण्यापिण्याकरिता प्रसिद्ध आहे. इटालियन लोक त्याला लाडाने 'लठ्ठ' म्हणतात. शहराच्या जुन्या बाजारपेठेत ताजी शेवई, भरलेल्या पिठाच्या लहान गाठी, चीज, मांसाचे पदार्थ अशी दुकाने दाटीने आहेत आणि वाटाडे पाहुण्यांना तेथे हिंडवितात. परंतु चांगली फेरी बाजारात संपत नाही. ती सकाळीच शहराबाहेर पडते आणि पार्मिजानो रेज्जानो या चीजच्या दुग्धशाळेत जाते. तेथे सकाळचे दूध आलेले असते, तांब्याच्या मोठ्या कढयांत ते विरजले जाते आणि पाहुणे ते काम चालू असतानाच पाहतात. या चीजचा एक गोल सुमारे ४० किलो वजनाचा असतो व त्यासाठी सुमारे ५५० लिटर दूध लागते. किमान १२ महिने ते मुरवावे लागते.

कृषिविद्येच्या दृष्टीने त्यातील एक नियम फार बोलका आहे. या चीजसाठी दूध देणाऱ्या गाईंना मुरघास घालण्यास बंदी आहे आणि त्यांच्या वैरणीचा मोठा हिस्सा त्याच भागातील शेतांतून यावा लागतो. म्हणजे चीजची चव लसूणघासाच्या आणि गवताच्या शेतापासून सुरू होते, हे पाहुण्याला दाखविता येते. १२ महिन्यांनंतर उत्पादकांच्या संघाचा तपासनीस लहानशा हातोडीने प्रत्येक गोल ठोकून आवाज ऐकतो. आत पोकळी किंवा चीर असेल तर आवाज बदलतो. पास झालेल्या गोलावर तापलेल्या शिक्क्याने खूण करतात. नापास झालेल्याच्या सालीवरचे नाव खरवडून काढतात! १९३४ साली स्थापन झालेला हा संघ नावाची एवढी राखण करतो, म्हणूनच त्या नावाला भाव आहे.

तेथून फेरी मोदेना भागात द्राक्षरसाच्या सिरक्याकडे वळते. पारंपरिक पद्धतीचा हा सिरका आटविलेल्या रसापासून, एकापेक्षा एक लहान होत जाणाऱ्या लाकडी पिंपांत किमान १२ वर्षे मुरवून होतो. पाहुण्याला तो चमच्यात काही थेंबच मिळतो. पण १२ वर्षांचा हिशेब पिंपांसमोर उभे राहून ऐकल्यावर लहानशा बाटलीची मोठी किंमत कोणाला जास्त वाटत नाही.

याउलट घडलेली एक गोष्टही सांगण्यासारखी आहे. २०१७ साली बोलोन्याच्या बाहेर सुमारे १० हेक्टरांवर फिको नावाचे प्रचंड खाद्य-उद्यान उभारण्यात आले. गाई, शेताचे तुकडे, लहान कारखाने, उपाहारगृहे असे सर्व एकाच ठिकाणी होते. अपेक्षेइतके लोक तेथे आले नाहीत आणि २०२४ मध्ये त्याचे नाव व स्वरूप बदलावे लागले. दुग्धशाळा खरी असेल तर तिची पायरी ओबडधोबड असली तरी चालते, असे आमचे मत आहे. बैलगाडीचा पुतळा आणि सिमेंटची विहीर बांधण्यात पैसे घालू पाहणाऱ्या आपल्याकडील कृषी पर्यटन केंद्रांनी याचा विचार करावा.

चिकूची नखपरीक्षा

बोलोन्या ते पार्मा हे अंतर साधारण ९० कि.मी. आहे. बोरिवली ते डहाणू रोड हे अंतरही जवळजवळ तेवढेच! एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल गाड्या धावतात, त्यामुळे बोरिवली-अंधेरीच्या माणसाला चिकूच्या बागेत येऊन संध्याकाळी घरी परतता येते. मध्य मार्गावर मुलुंड-घाटकोपरच्या माणसाला कर्जत व आसनगाव याहूनही जवळ आहेत. अंतर ही अडचण नाही. येऊन काय पाहायचे, हे कोणी सांगत नाही ही अडचण आहे.

घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील मुख्य जात कालीपत्ती. आता बागायतदाराला जे अगदी किरकोळ वाटते, तेच शहरी पाहुण्याला नवे असते. फळ काढणीस आले की नाही हे कसे ओळखावे? तयार फळाच्या सालीवरील तपकिरी भुकटी सहज झडते. नखाने हलकेच खरवडल्यास खाली हिरव्याऐवजी पिवळसर रेघ दिसते आणि चीक कमी येतो. ही आपली हातोडीच आहे. पाहुण्याच्या हातात एक कच्चे व एक तयार फळ द्यावे आणि दोन्हींवर नख ओढू द्यावे. मग चिकू झाडावर खाण्याजोगा पिकत नाही, काढणीनंतर घरात साधारण ४ ते ६ दिवसांत पिकतो, हे सांगावे. कच्चा चिकू शीतकपाटात ठेवला तर तो नीट पिकत नाही. उपनगरातील कित्येक घरांत नेमके हेच होते आणि "चिकू बेचव निघाला" म्हणून दोष बागेला दिला जातो.

येथे कार्बाइडविषयी प्रश्न हमखास येईल. कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, हे स्पष्ट सांगावे आणि आपण फळे कशी पिकवितो ती जागा उघडून दाखवावी. जो दाखवू शकत नाही त्याने फेरी बोलावू नये.

भाताची दोन पातेली

वाडा कोलमला, म्हणजे जुन्या भाषेतील झिनीला, २०२१ साली मानांकन मिळाले. तांदळाची फेरी शेतात फार काळ रेंगाळू नये. दुपारच्या उन्हात खाचराच्या बांधावर भाषण ऐकण्यास कोणी येत नाही. तिचा खरा भाग चुलीपाशी आहे. एका पातेल्यात यंदाच्या सुगीचा नवा तांदूळ व दुसऱ्यात वर्षभर जुना, असे दोन्ही भात समोर शिजवावेत. नवा तांदूळ चिकट व मऊ होतो, त्याला पाणी कमी लागते. जुना अधिक पाणी घेतो, फुलतो आणि शिते सुटी राहतात. वरण, तूप व मीठ याखेरीज दुसरे काही वाढू नये. मसालेभात वाढला तर तांदळाची चव कळणार कशी? पाहुण्याने दोन्ही खाल्ले की जुन्या तांदळाचा वाढीव दर का, हे वेगळे समजवावे लागत नाही.

उंधियु आणि पोपटी

घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली येथे गुजराती कुटुंबांची मोठी वस्ती आहे. घाटकोपर पूर्वेच्या वल्लभबाग लेनमधील खाऊगल्ली सर्वांना ठाऊक आहे. थंडीत या भागांत उंधियुसाठी पापडी, कंद, लहान वांगी, ओली तूर यांना मोठी मागणी असते आणि पापडी म्हटले की दुकानदार सुरतेचे नाव घेतो. इकडे आपल्या भातखाचरांत भात कापल्यावर जमिनीतील ओलाव्यावर वाल घेतला जातो आणि त्याच हंगामात रायगडात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि मीठ घालून, मडके पालथे ठेवून भोवती जाळ करतात. दक्षिण गुजरातेतील उंबाडियुही मडक्यात याच रीतीने भाजतात. म्हणजे घाटकोपरच्या पाहुण्याला पोपटी परकी नाही. ती त्याच्या ओळखीच्या पदार्थाची मावसबहीणच आहे.

जानेवारीत सकाळी खाऊगल्लीत उंधियु चाखून मध्य मार्गाने कर्जतकडे यायचे, वालाचे शेत पाहायचे, पाहुण्यांनीच शेंगा तोडायच्या आणि संध्याकाळी पोपटी लावायची, अशी फेरी एका दिवसात बसते. या वस्तीत जैन पाहुणे बरेच असतात. ते कंदमुळे खात नाहीत व सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यांच्यासाठी पोपटी दुपारीच लावावी, अंडी-कोंबडीचे मडके पूर्णपणे वेगळे ठेवावे आणि हे आधीच सांगावे. यजमानाने येथे निष्काळजीपणा केला तर ते पाहुणे परत येणार नाहीत.

पावसाळा आणि मासे

जूनच्या सुमारास मुलुंड, बोरिवलीच्या स्टेशनांबाहेर आदिवासी भगिनी शेवळे घेऊन बसतात. नंतर टाकळा, फोडशी, भारंगी, करटोली येतात. शहरातील तरुण मंडळी या टोपल्यांवरून पुढे निघून जातात, कारण करायचे कसे ते माहीत नाही. शेवळे हे सुरणाच्या कुळातील कंदाचा फुलोरा आहे. त्यातील पिवळा भाग काढून टाकावा लागतो आणि भाजी काकडाची आंबट फळे घालूनच शिजवावी लागते, नाहीतर घसा भयंकर खवखवतो. म्हणून विकणारी बाई शेवळांसोबत काकडेही ठेवते. रानभाज्यांच्या फेरीत वाटाडी तीच असावी. तिचे ज्ञान फुकट घेऊन दुसऱ्याने फेरीचे पैसे घ्यावेत हे बरे नव्हे; फेरीच्या शुल्कातील तिचा वाटा आधी ठरवावा. रानातील अळंबी मात्र चाखण्यात मुळीच ठेवू नयेत. विषारी जाती ओळखण्यात जाणत्याचीही चूक होते.

अंधेरीच्या पश्चिमेस वेसावे कोळीवाडा आहे. तेथे उन्हात बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत घातलेले दिसतात आणि तेथील कोळी समाज सी-फूड महोत्सवही भरवितो. जून-जुलैत मासेमारीबंदीमुळे यांत्रिक होड्या किनाऱ्याला असतात, म्हणून त्या दिवसांत ताज्या माशांची फेरी आखू नये. सुक्या मासळीची मात्र जरूर आखावी. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून सकाळी वेसावे व दुपारी घाटकोपर असे एका दिवसात करणे सोपे झाले आहे.

हिशेब आणि कागदपत्रे

खाद्यफेरीने बागेचा सगळा माल खपेल, अशी समजूत करून घेऊ नये. समजा, २० पाहुणे आले आणि प्रत्येकाने २ किलो चिकू नेले, तर विक्री होते ४० किलोंची, म्हणजे वीस किलोंचे दोन क्रेट. एवढ्यासाठी बाजाराची गाडी चुकविणे परवडणार नाही. खरी मिळकत दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे फेरीचे शुल्क. त्यातून जेवणाचा खर्च, वाटाड्याची मजुरी आणि घरातील बायकांच्या कामाचा मोबदला वेगळा काढावा. घरच्यांची मजुरी हिशेबात न धरल्यानेच पुष्कळांना हा धंदा नफ्याचा भासतो. दुसरी म्हणजे त्या २० घरांचे पत्ते. एका सोसायटीतील चार घरांनी हंगामभर दर पंधरवड्यास माल मागविला, तर ते गिऱ्हाईक आपले झाले. त्यासाठी चार-पाच शेतकऱ्यांनी गटाने काम करावे. एकाच्या बागेत नेहमी सर्वच तयार नसते.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. इटलीने असा कायदा १९८५ सालीच केला आणि त्यात शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे अशी अट घातली. पैसे घेऊन जेवण वाढणार असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी घ्यावी. छोट्या व्यवसायासाठी ती सोपी आहे. पिण्याचे पाणी उकळलेले किंवा शुद्ध केलेले असावे, हात धुण्यास साबण असावा आणि पाहुणे येणार त्या आठवड्यात बागेत फवारणी करू नये. फवारणी झालीच असेल तर औषधाच्या वेष्टनावर दिलेला प्रतीक्षा कालावधी संपेपर्यंत फळ तोडून खाण्यास देऊ नये.

निघताना प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी घालावी. चिठ्ठीवर गावाचे व बागायतदाराचे नाव, काढणीची तारीख आणि "कच्ची फळे बाहेरच ठेवावीत, पिकल्यावर शीतकपाटात ठेवावीत" एवढाच मजकूर, मोठ्या अक्षरांत असावा.