न आलेल्या पानाची किंमत

मे २००३. लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला बसलेल्या ८३९ जणांपैकी दोघेच उरले होते : टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर आणि मुरलेला व्यावसायिक खेळाडू सॅम फार्हा. मनीमेकरच्या हातात इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. टेबलावर दोघांना सामाईक अशी चार पाने उघडलेली : इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, इस्पिकची अठ्ठी. फार्हाकडे इस्पिकची राणी आणि बदामाची नव्वी, म्हणजे नव्वीची जोडी तयार. मनीमेकरकडे साधी जोडीही नव्हती. फार्हाने तीन लाख चिप्स लावल्या, मनीमेकरने त्या आठ लाखांवर नेल्या. पाचवे पान बदामाची तिर्री निघाले. मनीमेकरच्या ते काहीच कामाचे नव्हते. त्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि फार्हाने पाने टाकली.

हा डाव आजही निव्वळ थापेचा नमुना म्हणून सांगितला जातो. पण चौथ्या पानापाशी थांबून मोजले, तर न दिसलेल्या ४४ पानांपैकी १७ पाने मनीमेकरला पुढे नेणारी होती : आठ इस्पिकची, क्रम पूर्ण करणाऱ्या बाकीच्या तीन दश्श्या, तीन पंज्या आणि मोठी जोडी देणारे तीन राजे. म्हणजे जवळपास ३९ टक्के. एका पानाने अडलेल्या अशा हाताला पोकरमध्ये ‘ड्रॉ’ म्हणतात. तीन पत्ती खेळणाऱ्यांच्या भाषेत, कलर किंवा सिक्वेन्स व्हायला एक पान कमी. (फरक एवढाच की पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, हा सिक्वेन्सपेक्षा वरचढ असतो.) पोकरच्या या प्रकाराच्या, म्हणजे नो-लिमिट होल्डेमच्या, टूर्नामेंटमध्ये बऱ्याच चुका याच हातांवर होतात आणि त्यांच्या मुळाशी काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज १ : ड्रॉ म्हणजे मागे पडलेला हात

नेहमीच नाही. हातात बदामाचा गुलाम-दश्शी आहे आणि पहिली तीन पाने, म्हणजे फ्लॉप, बदामाची नव्वी, किलवरची अठ्ठी, बदामाची दुर्री अशी आली. नऊ बदाम फ्लश करतात. चार राण्या आणि चार सत्त्या क्रम पूर्ण करतात. दोन्हीकडे मोजली गेलेली दोन पाने वजा केली की १५ उरतात. समोर काळे दोन एक्के असले, तरी शेवटच्या पानापर्यंत गेल्यास हा ‘अर्धवट’ हात ५६ टक्क्यांहून अधिक वेळा जिंकतो. तयार जोडी इथे एक्क्यांची आहे, आणि तरीही मागे तीच आहे.

गैरसमज २ : उपयोगी पानांना चारने गुणले की झाले

उपयोगी पाने, ज्यांना खेळाडू ‘आउट्स’ म्हणतात, ती चारने गुणायची पद्धत सोयीची आहे. नऊ आउट्सना ती ३६ टक्के सांगते. खरा आकडा ३५. पण हा आकडा उरलेली दोन्ही पाने पाहायला मिळणार असतील तरच लागू होतो. फ्लॉपवर नुसता कॉल केला, म्हणजे समोरच्याइतक्याच चिप्स लावल्या, तर हक्काचे एकच पान दिसते आणि शक्यता १९ टक्क्यांवर येते. चौथ्या पानावर समोरचा पुन्हा चिप्स लावणार असतो.

पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १,००० चिप्स आहेत आणि समोरच्याने ५०० लावल्या. २,००० च्या एकूण पॉटसाठी ५०० घालायचे, म्हणजे निदान २५ टक्के हवेत. १९ टक्क्यांनी ते भागत नाही. फ्लश लागल्यावर समोरचा आणखी चिप्स देईल असा भरवसा असेल, तरच हा कॉल परवडतो. शिवाय आउट्स वाढले की हा गुणाकार फुगतो : पंधरा आउट्सना तो ६० टक्के सांगतो, प्रत्यक्षात ती शक्यता ५४ टक्के आहे.

गैरसमज ३ : ड्रॉ असला की कॉल करून पानाची वाट पाहावी

डेव्हिड स्क्लान्स्की या लेखकाने ‘सेमी-ब्लफ’ हा शब्द रूढ केला, तो याच समजाच्या विरोधात. सध्या मागे असलेल्या, पण सुधारू शकणाऱ्या हाताने स्वतः चढाई करायची. मग जिंकण्याचे मार्ग दोन होतात : समोरचा पाने टाकतो, नाहीतर आपले पान येते.

आकडे मांडून पाहण्यासारखे आहेत. फ्लॉपवर पॉट १०,०००, हातात १५,००० चिप्स आणि ३५ टक्क्यांचा फ्लश ड्रॉ. समोरच्याने ऑल-इन केले, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि आपण कॉल केला, तर सरासरी १,००० चिप्सचा तोटा. तेच ऑल-इन आपण आधी केले आणि समोरचा दहापैकी चार वेळा पाने टाकत असेल, तर सरासरी ३,४०० चिप्सचा नफा. पाने तीच, चिप्स तेवढ्याच. चिप्स आधी कोणी लावल्या, एवढाच फरक. अर्थात समोरच्याकडे चिप्स इतक्या थोड्या उरल्या असतील की तो पाने टाकणारच नाही, तर हा सगळा नफा नाहीसा होतो.

गैरसमज ४ : प्रत्येक आउट सारखाच

छक्की-पंजीने फ्लश पूर्ण झाला, तरी त्याच रंगाची दोन पाने समोर असली आणि त्यांतले एक मोठे असले, की सगळे जाते. टेबलावर जोडी पडली असेल, तर फ्लशवर फुल हाउस (तीन सारखी पाने आणि एक जोडी) बसू शकतो. एक्क्याच्या फ्लश ड्रॉची किंमत म्हणूनच वेगळी.

गैरसमज ५ : ५० टक्क्यांच्या वर असलो की ऑल-इन

रोख डावात हे बरोबर आहे. टूर्नामेंटमध्ये मात्र जिंकलेली चिप हरलेल्या चिपेपेक्षा स्वस्त असते. तीन खेळाडू उरलेत, चिप्स समसमान, बक्षिसे ५०, ३० आणि २० हजार डॉलर. प्रत्येकाचा वाटा ३३,३३३. एकाला बाद करून चिप्स दुप्पट केल्या, तर वाटा होतो ४३,३३३; दुप्पट होत नाही. हरलो तर हाती २० हजार. मिळवायचे दहा हजार, घालवायचे तेरा हजारांहून जास्त. पॉटमध्ये आधी पडलेल्या थोड्या चिप्स बाजूला ठेवल्या, तर बरोबरीसाठी ५७ टक्के लागतात. ५४ टक्क्यांचा सुंदर ड्रॉ घेऊन इथे कॉल करणारा पैसे गमावतो.

जास्त गमावण्याची हीच भीती समोरच्यालाही असते. म्हणून आधी चढाई करणाऱ्याच्या ड्रॉला इथे जास्त बळ मिळते. मनीमेकरच्या डावात मात्र हा प्रश्न नव्हता. दोघेच उरलेले, दुसऱ्याचे १३ लाख डॉलर ठरलेले, वरच्या १२ लाखांसाठी चिपेला चिप सारखीच. आठ लाखांची ती चढाई अस्सल सेमी-ब्लफ होती. तिर्री पडल्यानंतर उरली ती निव्वळ थाप.

गैरसमज ६ : पान लागले, म्हणजे निर्णय बरोबर

२०१० चा मेन इव्हेंट, पंधरा खेळाडू शिल्लक. मॅट अ‍ॅफ्लेककडे दोन एक्के, जोनाथन ड्युहामेलकडे दोन गुलाम. टेबलावर दश्शी, नव्वी, सत्ती, राणी. अ‍ॅफ्लेकने ऑल-इन केले. ड्युहामेल बराच वेळ बसून राहिला आणि मग त्याने कॉल केला. त्याला वाचवणारी पाने दहा : चार राजे, चार अठ्ठ्या, दोन गुलाम. ४४ पैकी १०, म्हणजे २३ टक्केही नाहीत. शेवटचे पान अठ्ठी आले. चार कोटींहून अधिक चिप्सचा पॉट ड्युहामेलकडे गेला; पुढे विजेतेपद आणि ८९ लाख डॉलरही त्यालाच मिळाले. अ‍ॅफ्लेक पंधराव्या क्रमांकावर बाद झाला. त्याने चिप्स पुढे सरकवल्या, तेव्हा उरलेल्या ४४ पानांपैकी ३४ पाने त्याच्या बाजूने होती.