लांबची वाट, लवकर पोच

तो पृथ्वीचा गोल इकडे आणा रे, आणि आजीच्या डब्यातला शिवायचा दोरा. एक टोक दिल्लीवर धर, दुसरं अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोवर. आता ताण. दोरा पूर्वेला गेला का पश्चिमेला? कुठेच नाही, तो सरळ वर चढला आणि उत्तर ध्रुवाच्या अंगाने पलीकडे उतरला. हे झालं जवळात जवळचं अंतर, साधारण १२,४०० किलोमीटर.

मग विमान या दोऱ्यावरूनच जात असेल? तिथेच तर गंमत आहे! एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिक ओलांडून जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी तोंडच फिरवलं. पूर्वेला निघायचं, चीन, जपान करत पॅसिफिक ओलांडायचा. ही वाट भरली सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशेंनी जास्त. आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत, जवळजवळ दोन तास आधी!

करा भागाकार. ताशी हजाराच्या वर येतंय ना? पण ते बोइंग ७७७ स्वतःच्या जोरावर ताशी नऊशेच्या आसपासच जातं. वरचे दीडशे कोणी दिले?

वाऱ्याने.

धाकटे महाराज म्हणतात, पृथ्वी फिरतेच आहे, तर विमानाने वर नुसतं थांबावं, अमेरिका आपोआप खाली येईल. युक्ती झकास, पण हवाही पृथ्वीबरोबर फिरते. चालत्या एसटीत उडी मारलीस तर मागच्या बाकावर पडतोस का?

तरी पृथ्वीचं फिरणं दुसरीकडून कामाला येतंच. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे धावते. ध्रुवाकडे जावं तसा हा वेग कमी होतो. विषुववृत्ताची हवा तापून वर चढते आणि ध्रुवाकडे सरकते, पण आपला पूर्वेकडचा जोर सोडत नाही. खालची जमीन मंद, वरची हवा जोरात. म्हणून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदीच वाहते. तिला म्हणतात जेट प्रवाह. हिवाळ्यात तिला आणखी जोर चढतो.

वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडसोडून हा वारा मोजला होता. पण त्याने निष्कर्ष छापले एस्पेरांतो भाषेत, साऱ्या जगाला वाचता यावेत म्हणून. जगात ती भाषा वाचणारे किती? १९४४ साली अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली आणि या वाऱ्यात सापडली, तेव्हा बाहेरच्यांना त्याची खरी ओळख पटली.

मुंबईहून लंडनला जाताना हाच वारा नाकावर येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून जायला जास्त वेळ, यायला कमी.

आणि हे ऐका. फेब्रुवारी २०२०मध्ये वादळामुळे हा वारा पिसाळला होता. तेव्हा एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत गेलं. जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३००च्या वर! मग त्याने आवाजालाही मागे टाकलं? छे. ती शर्यत भोवतालच्या हवेच्या मानाने मोजतात, आणि त्या मानाने वैमानिक रोजच्याच चालीने चालला होता.